बत्तिसावा थर

मंदाक्का उपरीकर, वडगाव, बेळगाव. वय बावन्न.
फॉर्मवर नाव कानडीत, त्यात प एक जास्तीचा पडलाय.
असू दे, म्हणाली, रेशनकार्डावर तर र-च गेलाय.
ओरडून म्हणाली. तीस वर्षं मागावर काढलेली बाई
खोली शांत असली तरी खटखटीच्या वरूनच बोलते.

मी पदर बाजूला घ्यायला सांगितलं.
तिनं आधी दाराची कडी बघितली,
मग पंखा, मग मला.
"तू कुणाची गं?"
कंग्राळीची, म्हटलं.
तेवढ्यावर तिनं ब्लाऊजची हुकं काढली.

यंत्राची पाटी गार असते.
रोज आधी सांगते, रोज बाया दचकतात.
वरची पाटी खाली येते, छाती चपटी होत जाते.
"दुखूलालंय की गं!"
थोडंच, अक्का. जेवढं पातळ, तेवढं स्वच्छ दिसतं.
हे तिला लगेच पटलं.
चुरगळलेल्या कापडात दोष सापडत नाही
हे तिला मी काय शिकवणार.

श्वास धरा, मी म्हटलं.
सवयीनं पाठोपाठ कानडीत, उसिर हिडीरी.
तिला दोन्ही ऐकू गेलं नाही.
मग काचेआडून हात वर केला, मूठ मिटली.
आणि तिनं श्वास धरला,
जसा धोटा अडकल्यावर
पलीकडचा कारागीर हात वर करतो
आणि अलीकडचा माग बंद पडतो.

यंत्राचा हात कमानीसारखा फिरला,
थांबत, टिपत, थांबत.
जुन्या यंत्रात एका बाजूनं एकच फोटो यायचा:
लुगड्याची घडी उजेडासमोर धरावी
आणि सगळ्या पदरांची नक्षी एकमेकींत मिसळावी, तसा.
असलेली गाठ दडायची, नसलेलीचा भास व्हायचा.
हे नवं घडी उलगडतं, मिलिमीटरभर, मिलिमीटरभर.
मंदाक्काच्या डाव्या बाजूचे अठ्ठेचाळीस थर.

स्क्रीन पेशंटला दाखवायची नसते.
पण ती पदर खोचत सरळ माझ्या मागं येऊन उभी राहिली
आणि मी तिला जा म्हटलं नाही.
सत्तावीस. अठ्ठावीस.
काळ्यावर पांढरे तंतू, काही जाड, काही विरलेले.
एकतीस.
"थांब."
बत्तीस.
"इथं सूत ओढलंय बघ."

तिचं नख हवेतच, काचेपासून बोटभर.
गाठ म्हणावी असं तिथं काही नव्हतं.
फक्त चारी बाजूंचे तंतू एका जागेकडे वळलेले,
मागून कुणी चिमटीत धरल्यासारखे.

मी गप्प. बोलायचा अधिकार हिरेमठ मॅडमचा,
त्यांच्याकडे यासाठी इंग्रजीतले दोन लांब शब्द आहेत.
"उसवता येतंय न्हवं?" तिनं विचारलं,
सकाळपासून पहिल्यांदाच हळू.

मॅडम बघतील, अक्का. सुईनं नमुना घेतील, मग सांगतील.
हे बोलताना मी तिच्या हातांकडे बघत होते.
अंगठ्यांवर सुतानं पाडलेले बारीक चर,
धुतलेले, तरी त्यात निळा रंग होताच.

पुढचं मला कागदांवरून कळत गेलं.
नमुना. ऑपरेशन. पंचवीस दिवस किरणं.
मधे एकदा खासबागेच्या बाजारात दिसल्यासारखी वाटली,
पण ती बाई भावासाठी घासाघीस करत नव्हती,
तेव्हा ती नसणार.

वर्षानं तपासणीला आली.
कडी बघितली नाही. तू कुणाची, विचारलं नाही.
व्रणावरून बोट फिरवत म्हणाली, ओरडूनच,
"टाके बरे घातलेत डॉक्टरनं.
पण शेवटाला हात थकलाय त्याचा.
ह्ये दोन बघ, तिरके गेलेत."
मी वाकून बघितलं. गेले होते.

मग पाटीपाशी उभी राहिली,
पाटी खाली यायच्या आतच
मोकळा हात वर केला, मूठ मिटली,
माझ्याआधी.